कंपनी फिटेड कार ऑडिओ: खरंच चांगला की नुसता जोरात, हे कसं पारखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवीन गाडी घेताना कंपनीकडून बसवून आलेली साउंड सिस्टिम चांगली आहे की नाही, हे टेस्ट ड्राइव्हच्या वेळात कसं ओळखायचं? आणि वरच्या व्हेरियंटमधल्या ब्रँडेड सिस्टिमसाठी जादा पैसे मोजावेत का?

गाभ्याची गोष्ट आधी सांगतो. वॅट, स्पीकरची संख्या आणि जाळीवरचं नाव यांवरून जवळजवळ काहीच कळत नाही. निकाल लागतो तो पुढच्या दोन दरवाज्यांवर. साधारण ६० ते ३०० हर्ट्झचा पट्टा, म्हणजे पुरुषी आवाजाचा भरदारपणा, डग्ग्याची घुमक, बेस गिटारचं अंग, हे सगळं त्या दरवाज्यांतून येतं. गाडी हायवेच्या वेगात असताना हा पट्टा भक्कम राहिला तर सिस्टिम चांगली. त्याखालोखाल महत्त्व ट्यूनिंगचं, म्हणजे कोणता स्वर किती उचलायचा-उतरवायचा या जुळवणीचं. बाकी सगळं या दोहोंच्या नंतर.

आकडे का फसवतात

माहितीपत्रकात '४ × ५० वॅट' लिहिलेलं असतं. हा आकडा येतो कुठून? इंजिन चालू असताना गाडीचा व्होल्टेज साधारण १४.४ असतो. त्याचा वर्ग २०७, त्याला स्पीकरच्या ४ ओहमने भागलं की ५१.८ वॅट. म्हणजे ॲम्पने (आवाजाला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरने) आपला सगळा व्होल्टेज चौकोनी लहरीच्या रूपात स्पीकरवर टाकला आहे आणि आवाज पार फाटला आहे, त्या अवस्थेतला हा आकडा. स्वच्छ लहरीसाठी हिशेब निम्म्यावर येतो आणि आतली घट वजा जाता हातात १८ ते २२ वॅट पडतात. हेड युनिटमध्येच (डॅशबोर्डवरच्या स्टीरिओत) ॲम्प असलेल्या बहुतेक गाड्यांची खरी ताकद एवढीच असते.

ही ताकद तशी कमी नाही. १ वॅटला १ मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर २० वॅटवर १०३ डेसिबल देतो, आणि गाडीत माणसं सरासरी ७५ ते ८० डेसिबलवर ऐकतात. गाणं आणि बोलणं यांना हे पुरतं. कमी पडतं ते खोल बेसला, कारण तिथे स्पीकरला हवा ढकलावी लागते आणि छोट्या कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) ते जड जातं. शिवाय वॅट दुप्पट केले तरी वाढ फक्त ३ डेसिबलची. त्यामुळे '३०० वॅट' आणि '६०० वॅट' यांतला फरक कागदावर दिसतो तेवढा कानाला जाणवत नाही.

स्पीकरच्या संख्येचंही तेच. '८ स्पीकर' म्हणजे बहुधा चार दरवाज्यांत चार मोठे स्पीकर आणि प्रत्येकाशी त्याच वायरवर जोडलेला एकेक ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर. ट्वीटरच्या पाठीवर एक कपॅसिटर असतो. तो खालचा आवाज अडवतो, आणि क्रॉसओव्हर (स्वर स्पीकरांमध्ये वाटून देणारी योजना) म्हणून तेवढाच. ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४ ओहमच्या ट्वीटरला लावला तर तो सुमारे ८,५०० हर्ट्झच्या खाली आवाज हळूहळू कमी करायला लागतो. दरवाज्यातला १६ सेंटिमीटरचा कोन ३,००० हर्ट्झच्या वर नीट पसरत नाही, त्याचा आवाज समोरच्या दिशेलाच, म्हणजे तुमच्या गुडघ्याकडे जातो. मधल्या ३,००० ते ८,००० च्या पट्ट्यात, जिथे शब्दांची स्पष्टता असते, तिथे खड्डा पडतो. म्हणून कित्येक गाड्यांत आवाज 'डब्यातून आल्यासारखा' आणि तरीही वरून टोचणारा असतो.

विक्रेत्याला विचारायचंच असेल तर वॅट विचारू नका, ॲम्पला चॅनेल, म्हणजे स्वतंत्र आउटपुट, किती ते विचारा. ॲम्प वेगळा आहे की हेड युनिटमध्येच? ट्वीटरला आणि वूफरला (खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरला) स्वतंत्र चॅनेल आहे का? सबवूफर (अगदी खोल बेसचा स्पीकर) आहे का, असल्यास कुठे बसवला आहे? त्याला सांगता आलं नाही तरी ॲक्सेसरीच्या किंवा सर्व्हिसच्या माणसाला बहुतेक वेळा माहीत असतं.

टेस्टला जाण्याआधीची तयारी

एक पेनड्राइव्ह घ्या, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. जुनी हेड युनिट इतर प्रकार वाचतीलच असं नाही. त्यात या फाइल टाका: मोनो पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांचा मिळून एकसारखा खळखळाट, दोन्ही बाजूंना तोच), पिंक नॉइज फक्त डावीकडे आणि फक्त उजवीकडे, तोच नॉइज एकदा बरोबर पोलॅरिटीत आणि एकदा उलट पोलॅरिटीत (एका बाजूचे प्लस-मायनस उलटे), २० ते २०० हर्ट्झचा सावकाश चढणारा स्वीप, साधारण एक मिनिटाचा, ६० हर्ट्झ आणि १,००० हर्ट्झचे सुटे स्वर. या फाइल कोणत्याही मोफत ऑडिओ एडिटरमध्ये बनवता येतात. सोबत पाच-सहा रचना, ज्या तुम्ही चांगल्या हेडफोनवर शेकडो वेळा ऐकल्या आहेत. ३२० केबीपीएसचे एमपीथ्री चालतील, फ्लॅक असेल तर उत्तम.

निवड करताना वाद्यांकडे बघा. कमीत कमी साथीतला एक पुरुषाचा आणि एक स्त्रीचा आवाज हवाच. तानपुरा हवा, कारण त्याच्या झंकारात वरच्या स्वरांची लांब माळ असते आणि ट्वीटर कर्कश असेल तर ती लगेच उघडी पडते. तबला हवा: चाटीचा टणत्कार आणि डग्ग्याची मींड या दोन टोकांत सिस्टिम किती एकसंध आहे ते कळतं. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, तिची एखादी सावकाश चाल असलेलं गाणं ठेवा. शेवटी एक गजबजलेली रचना, जिच्यात वाद्यवृंद आणि कोरस एकदम येतात.

एफएम रेडिओवर पारख करू नका, एफएमचं प्रसारण १५ किलोहर्ट्झच्या आसपास संपतं आणि केंद्राचं स्वतःचं कॉम्प्रेशन त्यात मिसळलेलं असतं. ब्लूटूथवरही आधी नको. त्यात एसबीसी किंवा एएसी कोडेक आवाज दाबून पाठवतो, आणि दोष गाडीचा की जोडणीचा ते कळत नाही. यूएसबीवर पारख झाली की तेच गाणं ब्लूटूथवर आणि वायरलेस कारप्लेवर किंवा अँड्रॉइड ऑटोवर लावून बघा. या दोन्ही वायरलेस जोडण्या गाणं वाय-फायवरून पाठवतात, म्हणून अनेकदा साध्या ब्लूटूथपेक्षा बऱ्या वाजतात. फोनमधलं इक्वलायझर आणि स्ट्रीमिंग ॲपमधलं आवाज समान करण्याचं सेटिंग बंद ठेवा, डाउनलोडची क्वालिटी सर्वोच्च ठेवा.

गाडीत बसल्यावर पहिलं काम सेटिंग शून्यावर आणण्याचं. शोरूमच्या गाड्यांत बेस आणि ट्रेबल बहुतेक वेळा वर चढवलेले असतात, कारण पहिल्या मिनिटात ते झकास वाटतं. बेस, मिड, ट्रेबल शून्य. बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) मध्ये. सराउंड, थ्रीडी, 'कॉन्सर्ट हॉल' वगैरे बंद. वेगानुसार आवाज वाढवणारं सेटिंग बंद. ड्रायव्हर फोकसचा पर्याय असेल तर तो शेवटी तपासायचा.

दोन गाड्यांची तुलना करत असाल तर आवाजाची पातळी जुळवणं अत्यावश्यक आहे. एका डेसिबलने जोरात वाजणारी सिस्टिमही कानाला 'चांगली' वाटते, आणि हा धोका जाणकारांनाही चुकत नाही. फोनवर डेसिबल मोजणारं कोणतंही ॲप घ्या, मोनो पिंक नॉइज लावा, फोन डोक्याच्या जागी धरा आणि दोन्ही गाड्यांत ७५ डेसिबलवर आणा. फोन अचूक नसला तरी फोन तोच असला की तुलना खरी राहते. हे न करता काढलेला निष्कर्ष मी तरी मोजणार नाही.

उभ्या गाडीत

काचा बंद, एसी बंद, इंजिन बंद. मोनो पिंक नॉइज लावा. आवाज डॅशबोर्डच्या मधोमध, काचेच्या उंचीवर जमला पाहिजे. तो पायाशी पडला किंवा तुमच्या बाजूच्या दरवाज्याला चिकटला तर ट्वीटरची जागा आणि पातळी चुकली आहे. ड्रायव्हरचा दरवाजा कानापासून ९० सेंटिमीटरवर आणि पलीकडचा १३५ सेंटिमीटरवर असेल तर ४५ सेंटिमीटरच्या फरकामुळे पलीकडचा आवाज १.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. कान इतक्या छोट्या फरकालाही जवळच्या बाजूकडे वळतो. डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेल्या सिस्टिममध्ये जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर दिलेला असतो, तेच 'ड्रायव्हर फोकस'. तो चालू केला की आवाज सरळ तुमच्या समोर यायला हवा. नुसता डावीकडून जोरात झाला तर ते टाइम अलाइनमेंट, म्हणजे वेळेची जुळवणी, नाही, फक्त बॅलन्स सरकवला आहे. ड्रायव्हर फोकसमध्ये मागच्यांचं ऐकणं बिघडतं हे मात्र गृहीत धरा, त्यावरून सिस्टिमला नावं ठेवू नका.

आता पोलॅरिटी. बरोबर जोडणीत नॉइज मध्ये आणि भरीव, उलट फाइलमध्ये तो पसरलेला, पोकळ, जागा न सापडणारा. उलटीत जास्त भरीव वाटला तर एखाद्या दरवाज्याची वायर उलटी आहे. नव्या गाडीत हे क्वचित घडतं. दरवाज्याचं काम झालेल्या जुन्या गाडीत बरेचदा.

मग स्वीप. आवाज मध्यम ठेवा, नेहमीच्या ऐकण्यापेक्षा किंचित जास्त. २० हर्ट्झपासून काही ऐकू येणार नाही. कान द्यायचा तो सलग चढण्याकडे. चांगल्या गाडीत सबशिवायही ५० हर्ट्झच्या आसपास आवाज अंगाला जाणवायला लागतो, कारण बंद केबिन स्वतःच खालच्या स्वरांना उचलून धरते. मध्येच एखादा स्वर एकदम फुगला आणि पुढचा गायब झाला तर तिथे केबिनचा किंवा दरवाज्याचा रेझोनन्स (ठराविक स्वराला आपोआप घुमणं) आहे. थोडं होणारच, पण ८० ते १२० मध्ये मोठा फुगवटा असेल तर प्रत्येक गाण्याचा बेस एकाच सुरात वाजेल. हा 'एकसुरी बेस' शोरूममध्ये दमदार वाटतो आणि दोन महिन्यांत डोकं उठवतो.

याच स्वीपमध्ये खडखड ऐका. ४० ते १२० हर्ट्झमध्ये दरवाज्याचं पॅड, पॉवर विंडोच्या वायरचा क्लिप, लॉकची सळई, मागची पार्सल शेल्फ, सीटबेल्टचं बक्कल, नंबरप्लेट, यांपैकी काहीतरी घरघरतं. आवाज ऐकू आला की स्वीप त्या स्वरावर थांबवा आणि तळहाताने एकेक जागा दाबत जा. दाबल्यावर थांबलं तर तीच जागा. दरवाज्याच्या खिशातली नाणी आणि गॉगलचा कप्पा आधी रिकामा करा. एखादी क्लिप घरघरली तर गाडी नापास होत नाही, कापडी टेपच्या तुकड्याने ते मिटतं. सगळा दरवाजा थरथरत असेल तर मात्र ती रचनेची उणीव आहे.

दरवाजा एवढा महत्त्वाचा का? स्पीकरचा कोन पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना भेटले की खालचे स्वर एकमेकांना मारतात. दरवाज्याचा आतला पत्रा भोकांनी भरलेला असतो: काचेच्या यंत्रणेसाठी, वायरींसाठी, जोडणीच्या हत्यारांसाठी. त्यावर पाणी अडवणारी पातळ शीट चिकटवलेली असते. चांगल्या रचनेत त्या जागी घट्ट प्लास्टिकचं पॅनेल आणि कडेने रबरी सील येतं, स्पीकरच्या कडेला जाड फोमची गादी असते आणि ती डोअर पॅडच्या जाळीला टेकते, म्हणजे आवाज पॅडच्या मागे न गळता बाहेर येतो. स्वस्त रचनेत ही गादी नसते. स्पीकर आणि जाळीच्या मध्ये दोन सेंटिमीटर फट राहते आणि पॅडच्या आतली पोकळीच वाजते. डोअर पॅडवर, स्पीकरपासून वीतभर लांब, हात ठेवून बेसचं गाणं लावा. जाळीवर कंपन आणि बाकी पॅड शांत, हे चांगलं लक्षण. पॅडच नाचत असेल तर तुम्ही स्पीकरऐवजी प्लास्टिक ऐकत आहात.

आवाज वाढवताना काय होतं

हा भाग सर्वांत जास्त सांगून जातो आणि सर्वांत कमी लोक तो तपासतात. बहुतेक कारखानी सिस्टिममध्ये आवाज वाढेल तसा बेस आपोआप कापला जातो. त्यामागचं कारण रास्त आहे. कमी आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं, म्हणून कमी आवाजात बेस उचलायचा आणि वर जाताना तो उतरवायचा. पण अनेक गाड्यांत त्याच्या पुढे जाऊन, हलका स्पीकर फाटू नये म्हणून बेस जबरदस्तीने दाबलेला असतो.

तपासायची पद्धत अशी. १,००० हर्ट्झचा स्वर लावा, व्हॉल्यूम पाच-पाच घरांनी वाढवा आणि फोनवर प्रत्येक पायरीला किती डेसिबल वाढले ते लिहा. तसंच ६० हर्ट्झचं करा. फोनचं ॲप 'ए' वेटिंगवर (खालचे स्वर कमी धरणाऱ्या मोजणीवर) असेल तर ६० हर्ट्झ फार कमी दाखवेल, म्हणून 'सी' वेटिंग निवडा. सुरुवातीला ६० हर्ट्झची वाढ थोडी कमी असेल, ते कानाच्या हिशेबाचं. पण एका पायरीनंतर १,००० हर्ट्झ चार डेसिबलने वाढतो आणि ६० हर्ट्झ जागचा हलत नाही असं दिसलं, तर तिथे लिमिटर, म्हणजे आवाज ठराविक मर्यादेत अडवणारी यंत्रणा, बसला आहे. ती पायरी तुमच्या हायवेवरच्या ऐकण्याच्या पातळीच्या खाली येत असेल तर प्रवासात गाणं कोरडं, पातळ लागणार. स्वर मोठ्या आवाजात पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त वाजवू नका, शुद्ध स्वराने व्हॉइस कॉइल (स्पीकरचा कोन हलवणारी तारेची गुंडाळी) लवकर तापते. वरच्या पट्टीतले स्वीप तर मोठ्या आवाजात वाजवूच नका, ट्वीटर जळतो.

मोजायचं नसेल तर गजबजलेली रचना लावून आवाज सावकाश चढवा. ढोलकीची थाप मऊ पडायला लागली, कोरस गुठळीसारखा एकत्र झाला, 'स' आणि 'श' कानात शिट्टी मारायला लागले की सिस्टिमची मर्यादा आली. ती मर्यादा तुमच्या गरजेच्या चार-पाच घरं वर असेल तर समाधान माना. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची सुरक्षित मर्यादा मानली जाते, तेव्हा त्यापुढच्या ताकदीसाठी फार झुरू नये.

इंजिन बंद असतानाच एकदा गाणं थांबवून व्हॉल्यूम वर न्या. ट्वीटरमधून बारीक हिस आली तर चालेल, ड्रायव्हरच्या जागेवरून ऐकू येता कामा नये. मग इंजिन सुरू करून रेस द्या: आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर अर्थिंगचा किंवा अल्टरनेटरचा दोष आहे.

चालत्या गाडीत

खरा निकाल इथे. १०० किमीच्या वेगात केबिनमध्ये साधारण ६५ ते ७० डेसिबलचा गोंगाट असतो आणि त्यातला मोठा वाटा खालच्या पट्टीतला: टायर, रस्ता, वारा. म्हणजे नेमका तुमचा बेस आणि पुरुषी आवाजाचं अंग झाकलं जातं. उभ्या गाडीत अगदी सपाट, समतोल लागणारी सिस्टिम धावताना कोरडी वाटते. उभ्या गाडीत थोडी जाड वाटणारी सिस्टिम रस्त्यावर बरोबर बसते. म्हणून चांगले ट्यूनर १०० हर्ट्झच्या खाली आवाज आठ-दहा डेसिबलने उचलून ठेवतात आणि वरचा भाग हळूहळू उतरता ठेवतात. पार्किंगमध्ये बसून 'बेस जास्त आहे' असा शेरा मारण्याआधी गाडी हायवेवर न्या.

बोललेल्या शब्दांची फाइल किंवा बातम्यांचं पॉडकास्ट ८० किमीच्या वर लावा. आवाज न वाढवता प्रत्येक शब्द कळतो का? नाकातून आल्यासारखा लागतो का? मग वेगानुसार आवाज वाढवणारं सेटिंग चालू करा. साध्या गाडीत सगळाच आवाज वाढतो, सिग्नलला थांबल्यावर तो धप्पकन खाली येतो. चांगल्या सिस्टिममध्ये मुख्यतः खालची पट्टी उचलली जाते आणि बदल झालेला कळतच नाही.

काही गाड्यांत छताच्या अस्तरात मायक्रोफोन असतात आणि त्याच स्पीकरमधून इंजिनच्या घुमण्याला उलट लहर सोडली जाते. अशा गाडीत पुढे सबवूफर बदलला किंवा बाहेरचा ॲम्प लावला तर ही यंत्रणा गोंधळते आणि केबिनमध्ये विचित्र घुमक उठते. गाडीत ती आहे का, हे आताच विचारून ठेवा.

ब्रँडेड सिस्टिमचं काय

या कल्पनेला इतिहास आहे. बोसने १९८३ च्या मॉडेलच्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांसाठी, त्या गाडीच्या केबिनचं मोजमाप घेऊन बनवलेली सिस्टिम दिली. ठराविक बॉडी, ठराविक सीट, ठराविक काचा धरून आवाज आखता येतो, ही कारखानी सिस्टिमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आजही तीच आहे. बाहेरून बसवणाऱ्याला ती सोय नाही. २०१५ च्या सुमाराला आलेल्या दुसऱ्या पिढीच्या व्होल्व्हो एक्ससी९० मध्ये बॉवर्स अँड विल्किन्सची १९ स्पीकर आणि १,४०० वॅटची सिस्टिम होती. तिचा सबवूफर गाडीच्या बाहेरच्या हवेशी जोडलेला होता, म्हणजे छोट्या जागेत मोठ्या डब्याचं काम. अशी गोष्ट नंतर बसवणं जवळपास अशक्य. बीएमडब्ल्यू पुढच्या सीटखाली वूफर बसवते, तेही बॉडीच्या पोकळीचा वापर करून. अशा ठिकाणी जादा पैशांचं मोल मिळतं.

पण नाव तेच असलं तरी सिस्टिम तीच नसते. जेबीएल, हर्मन कार्डन, इन्फिनिटी, मार्क लेव्हिन्सन ही सगळी नावं हर्मनची आहेत, आणि २०१७ पासून हर्मन सॅमसंगच्या मालकीची आहे. एकाच नावाखाली एका गाडीत बारा चॅनेलचा ॲम्प असू शकतो आणि दुसरीत फक्त जाळीवरचा लोगो, थोडे बरे ट्वीटर आणि वेगळी ट्यूनिंग फाइल. म्हणून तुलना नेहमी त्याच मॉडेलच्या साध्या व्हेरियंटशी करा, पातळी जुळवून, एकाच दिवशी. फरक तीन जागी शोधा: वरच्या व्हॉल्यूमला बेस टिकतो का, गायक डॅशबोर्डवर जमतो का, हायवेवर शब्द कळतात का. तिन्हींत स्पष्ट फरक असेल तर घ्या. फक्त ट्रेबल चमकदार आणि सराउंड लांबरुंद वाटत असेल तर पैसे वाचवा.

साधा व्हेरियंट घेऊन बाहेरून अपग्रेड करायचं ठरलं तर दोन-तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. हेड युनिटचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरी 'गरम' असतात. मायनस वायर बॉडीला लागली तर ॲम्पची चिप जाऊ शकते. गाडीच्या वायरी कापू नका, त्या मॉडेलसाठी तयार मिळणारी टी-हार्नेस (मूळ प्लगांच्या मध्ये जोडायची वायरिंग) वापरा. कारखानी आउटपुट सपाट नसतं, त्यात त्या स्पीकरसाठी केलेलं इक्वलायझेशन आणि बेसची काटछाट असते, म्हणून येणारा सिग्नल मोजून सपाट करू शकणारा डीएसपी ॲम्प हवा. प्रीमियम सिस्टिमचे स्पीकर बऱ्याचदा २ ओहमचे असतात. त्यांच्या जागी ४ ओहमचे महागडे स्पीकर लावले तर ॲम्प निम्मेच वॅट देतो आणि आवाज तीन डेसिबलने पडतो, मग लोक म्हणतात नवे स्पीकर खराब निघाले.

दरवाज्याच्या बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिलची (कंपन दाबणाऱ्या चिकट रबराची) शीट लावणं हा सर्वांत फायद्याचा खर्च आहे. पत्र्याचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी पुरतं, अख्खा दरवाजा मढवायची गरज नाही. तळाची पाणी निघण्याची भोकं मोकळी ठेवा. आणि एक महत्त्वाची सूचना: काही गाड्यांच्या दरवाज्यात साइड एअरबॅगसाठी हवेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो. तो दरवाजा किती बंदिस्त आहे यावर चालतो. अशा दरवाज्याची शीट काढणं किंवा नवी भोकं पाडणं हा सुरक्षिततेशी खेळ आहे, सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय हात लावू नका.

जुनी गाडी घेत असाल तर

बॅलन्स आणि फेडर चारही कोपऱ्यांना नेऊन प्रत्येक स्पीकर एकटा ऐका. एखादा बारीक वाजत असेल तर डोअर पॅड उघडून मल्टिमीटर लावा. चांगला ४ ओहमचा स्पीकर डीसीवर ३.२ ते ३.८ दाखवतो, २ ओहमचा साधारण १.६ ते १.९. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे. मात्र कपॅसिटर लावलेला ट्वीटर नेहमीच 'तुटलेला' दिसतो, कारण कपॅसिटर डीसी जाऊ देत नाही. मीटर कपॅसिटरच्या पुढे, ट्वीटरच्या टोकांवर लावा. कोनवर दोन्ही बाजूंनी बोटं समान टेकवून हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल चुंबकाला घासते आहे, असा स्पीकर बदलायचाच. कडेची फोमची रिंग भुगा होत असेल तरीही तेच. कागदी कोनवर पाण्याचे डाग दिसले तर स्पीकर बदलण्याआधी दरवाज्याची पाण्याची शीट तपासा, ती सुटलेली असेल तर नवा स्पीकरही एका पावसाळ्यात जाईल.

वूफरची पोलॅरिटी बघायला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. चारही दरवाज्यांत एकच दिशा हवी. एखादा आत गेला तर त्या दरवाज्याच्या वायरी अदलाबदल करून मोनो पिंक नॉइज पुन्हा लावा. ट्वीटरवर हा सेल लावू नका.